निवडुंगांचे मामलेदार

महसूल खात्यात उभा जन्म काढून मानाने पेन्शनीत निघालेल्या गृहस्थास पुण्यासारख्या शहरात रिकाम्या वेळेचे काय करावे, हा प्रश्न फार दिवस छळत नाही. कोणी वधूवरसूचक मंडळाचे दप्तर सांभाळू लागतो, तर कोणी सहकारी गृहरचना संस्थेच्या वार्षिक सभेत मागील इतिवृत्तावर हरकती नोंदविण्यास शेष आयुष्य अर्पण करतो. परंतु या सर्वपरिचित वर्गांपलीकडे, गच्चीची किल्ली कमरेला अडकवून आणि बोटांत रुतलेली कुसे चिमट्याने उपटीत हिंडणारा आणखी एक वर्ग आहे, आणि त्याची दखल आपल्या वाङ्मयाने घ्यावी तशी घेतलेली नाही. हा वर्ग आजारी निवडुंग वाचविणारांचा. निवडुंग बाळगणारे निराळे. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात ते आपली टवटवीत रोपे मांडतात आणि कुंडीला बक्षिसाची चिठ्ठी लागली म्हणजे तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतात. वाचविणारास धडधाकट निवडुंगाचे काडीइतकेही कौतुक नसते. त्याच प्रदर्शनात पहिल्या क्रमांकाच्या रोपाला वळसा घालून तो मांडवाच्या पिछाडीस, कोणी तरी टाकून दिलेल्या कुंडीपाशी उकिडवा बसलेला आढळतो, आणि त्याच्या मुद्रेवर त्या वेळी जे समाधान विलसत असते ते पारितोषिक मिळविणाऱ्याच्याही वाट्यास येत नाही.

अशा गृहस्थास आपण काकासाहेब म्हणू. हे एकाच माणसाचे चित्र नव्हे. काकासाहेब कोथरुडात आहेत, नाशकात आहेत, सांगलीसही असावेत असे मानण्यास पुरेसा आधार आहे, आणि त्या सर्वांच्या गच्चीवर देखावा मात्र एकच दिसतो. वर हिरवी जाळी ताणलेली, तिच्याखाली कापलेले तेलाचे डबे, श्रीखंडाचे रिकामे डबे व मातीच्या कुंड्या, आणि त्यांत अर्धे, पाव, क्वचित मूठभरच उरलेले निवडुंग आपापल्या जखमा मिरवीत ओळीने बसलेले. कोपऱ्यात एका खोक्यावर जाड पुठ्ठ्याची वही असते. अनुक्रमांक, दाखल झाल्याची तारीख, मूळ धारकाचे नाव, अपराधाचे स्वरूप, केलेली कारवाई आणि शेरा असे तिच्यात रकाने आखलेले असतात. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘तहकूब’ हा एकच शब्द वळणदार अक्षरात लिहिलेला असून, जेथे तो नाही तेथे ‘मयत’ आहे.

नवागतास या गच्चीवर प्रथम इतिहास ऐकावा लागतो, आणि तो पुरता ऐकल्यावाचून कोणासही खाली उतरता येत नाही, कारण जिन्याची किल्ली काकासाहेबांपाशी असते. इतिहास असा, की ज्या त्रिधारी निवडुंगाचे कुंपण आपण बाळपणापासून पाहत आलो तो, आणि त्याचा भाऊबंद शेर, हे दोघेही खरे निवडुंग नव्हेतच. मोडले असता ज्यांच्या अंगातून पांढरा चीक ठिबकतो ते एरंडाच्या कुळातले असून आपल्या नावाने भलत्याच घराण्याचे वतन खात आहेत. अस्सल निवडुंगांची मायभूमी अमेरिका खंड, आणि आपल्या माळावर ठाण मांडून बसलेला फड्याही तिकडूनच आलेला. कंपनी सरकारला लाल रंगासाठी किरमिजी किडा हवा होता, हा किडा फड्यावरच जगतो, म्हणून १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन याने तो ब्राझीलमधून कलकत्त्यास आणला. आणला तो भलत्याच जातीचा. रंग त्यापासून बेताचाच निघाला. फड्याच्या एका प्रकाराचा मात्र त्याने जवळजवळ निकाल लावला. पुढे फड्याच्या दुसऱ्या जातीने दक्षिणेतील शेतजमिनी बळकावल्या, तेव्हा १९२६ मध्ये सिंहलद्वीपातून त्या किड्याचीच एक निराळी जात मुद्दाम आणवून सोडण्यात आली, आणि जे काम कुऱ्हाडीस व विस्तवास साधले नव्हते ते तिने थोड्याच वर्षांत उरकले.

“सरकारने निवडुंग मारला,” काकासाहेब येथे आवाज खाली आणून सांगतात, “आणि सरकार हे अखंड असतं. मी सरकारचं मीठ खाल्लं आहे. कुणी तरी परतफेड करायला नको?”

शासनाच्या दायित्वाची इतकी व्यापक कल्पना ते सेवेत असताना कोणा पक्षकाराच्या अनुभवास आल्याचे ऐकिवात नाही. पण तो विषय वेगळा.

काकासाहेबांचे खरे दर्शन घडते ते नवा रोगी दाखल होतो तेव्हा. रोगी बहुधा चैत्र-वैशाखात येतात, कारण त्या दिवसांत पुण्याचा पारा चाळीसाच्या घरात जातो आणि ‘वाळवंटातलं झाड, त्याला ऊन काय करणार?’ या लोकप्रिय तर्काची कसोटी लागते. कोथरुडच्या काकासाहेबांकडे गतवर्षी आलेल्या एका रोग्याची हकीकत येथे नमुन्यादाखल देतो. रोगी म्हणजे मेक्सिको देशीचा, सोनेरी काट्यांचा, गरगरीत वाटोळा आणि चांगला मोठ्या कलिंगडाएवढा निवडुंग. सोलापूर रस्त्यावरील एका रोपवाटिकेत तो जाळीखाली लाडाने वाढला होता, आणि शेजारच्या इमारतीतील वहिनींनी त्यास विकत आणून थेट पश्चिमेच्या उघड्या सज्जात नेऊन बसविले होते. रानात जन्मलेला निवडुंगसुद्धा कोवळ्या वयात कोणा झुडपाच्या आडोशास वाढतो आणि उन्हाशी हळूहळू ओळख करून घेतो, ही गोष्ट रोपवाटिकेतील विक्रेत्याने सांगितली नाही आणि वहिनींनी विचारली नाही. चार दिवसांत त्याची पश्चिमेची बाजू पांढुरकी पडली, मग पिवळी, आणि त्यानंतर खाकी.

कुंडी दोघा मुलांनी जिन्याने वर आणली. काकासाहेबांनी चष्मा बदलला, वही उघडली आणि पंचनाम्यापूर्वी जबानी घेण्यास आरंभ केला.

“पाणी कितीदा घालत होता, वहिनी?”

“फार नाही हो काकासाहेब. थोडंसंच. रोज.”

“थोडंसं म्हणजे?”

“पेलाभर. मग पांढरा पडायला लागला, तेव्हा वाटलं बिचारा तहानलाय. म्हणून दोन पेले.”

“आणखी काही?”

वहिनींनी एकवार जिन्याकडे पाहिले. परंतु दार बंद होते. “तांदळाचं धुवण, कधी तरी. चहाचा चोथा. आणि सासूबाई म्हणाल्या म्हणून ताकाचं पाणी, ते मात्र एकदाच.”

काकासाहेबांनी ‘एकदाच’ हा शब्द अवतरणचिन्हांत लिहून घेतला.

त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी. खाकी डागावर त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिले; डाग टणक होता, कोरडा होता, दबला नाही. त्यास त्यांनी तात्काळ निर्दोष सोडले. उन्हाने भाजलेली कातडी पुन्हा हिरवी होत नाही, पण ती सुकून घट्ट झाली म्हणजे तिच्यापासून झाडाच्या जिवास भय नसते. वाढ शेंड्याकडून होत राहते, आणि जुना डाग वर्षानुवर्षे खाली सरकत बुडाशी जातो. मग कुंडी कलती करून तेच बोट त्यांनी बुडाशी लावले, आणि बोट आत गेले. आतून काळपट पाणी व आंबूस दर्प आला. काकासाहेब काही बोलले नाहीत. पहिला अपराध उन्हाचा होता आणि तो जामिनास पात्र होता. दुसरा दयेचा होता, आणि त्याने रोग्याचे मूळ खाल्ले होते. भाजल्यामुळे आधीच मंदावलेल्या झाडाच्या मुळाशी रोज ओल साचली म्हणजे मातीतल्या बुरश्यांना आयते निमंत्रण मिळते, आणि एकदा त्या बुडातून आत शिरल्या की वरची चार अंगुळे टवटवीत दिसत असतानाच खालचा सारा मुलूख त्यांच्या अमलाखाली गेलेला असतो. मराठी माणसाच्या घरात पाय ठेवणारास आधी पाणी विचारण्याची रीत आहे, ती ज्या सुसंस्कृत घरांत कसोशीने पाळली जाते त्या घरांतले निवडुंग काकासाहेबांच्या वहीत सर्वाधिक आढळतात.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, कारण ढगाळ हवेत ते सुरी उचलीत नाहीत. सुरी पाव कापण्याची, बोळा स्पिरिटचा, रोग्यास धरण्यासाठी वर्तमानपत्राच्या जाड घड्या आणि जखमेवर घालावयास गंधकाची पूड. गंधक संपला असल्यास दालचिनीची. ही दालचिनी काकूंच्या गोड्या मसाल्याच्या तयारीतून कोणत्याही पूर्वसूचनेविना संपादन केली जाते. पहिला काप पडला तो सगळाच काळा. सुरी स्पिरिटने पुसली. दुसरा काप तपकिरी. पुन्हा पुसली, कारण सडक्या भागातली सुरी तशीच निरोगी भागात घातली तर रोगास आत शिरण्याचा परवाना आपणच सही करून दिल्यासारखे होते, असे काकासाहेब म्हणतात. तिसऱ्या कापात गर स्वच्छ हिरवट-पांढरा दिसला, आणि वहिनींनी हात जोडले. परंतु गाभ्याभोवती रसवाहिन्यांचे जे एक कडे असते, त्यात काकासाहेबांना भिंगाखाली नारिंगी ठिपके आढळले.

“पुरे ना आता?” वहिनी म्हणाल्या. “निम्मा तर गेला.”

“वहिनी, एक ठिपका राहू दिला तर पुढच्या महिन्यात फेरतपासणी करावी लागेल. आणि तेव्हा तपासायला काही नसेल.”

चौथा काप, पाचवा काप. शेवटी कडे निष्कलंक निघाले तेव्हा रोग्याचा वरचा तिसरा हिस्साच काय तो शिल्लक होता. त्याच्या कापलेल्या कडा काकासाहेबांनी पेन्सिल तासावी तशा आतून बाहेर तिरक्या तासल्या, आणि हे काम करताना त्यांची जीभ किंचित बाहेर आली होती. हे तासणे शोभेसाठी नव्हे. जखम सुकू लागली म्हणजे मऊ गर आत ओढला जातो, पण जाड कातडी जागची हलत नाही. कडा तशाच ठेवल्या तर तळाशी खोलगट वाटी होते, आणि नवी मुळे ज्या मधल्या कड्यातून फुटायची ते मातीपासून अधांतरी राहते. त्यावर गंधक शिंपडून काकासाहेबांनी ते सोनेरी मस्तक एका रिकाम्या कुंडीच्या तोंडावर, जखमेस खालून वारा लागेल असे, सावलीत ठेवले. वहीत ‘तहकूब’ लिहिले. आणि हात धुऊन चहा मागितला.

येथून पुढे जो उपचार सुरू होतो तो असा, की काहीही करावयाचे नाही. पाणी नाही, माती नाही, हात लावणे नाही. सामान्य माणूस याच पायरीवर हरतो. दोन दिवसांत त्यास कळवळा येतो, चौथ्या दिवशी तो ‘नुसतं शिंपडतो’, आणि आठव्या दिवशी रोगी मयताच्या रकान्यात जातो. काकासाहेबांचे सामर्थ्य येथे प्रकट होते, आणि ते निसर्गदत्त नसून बत्तीस वर्षांच्या शासकीय सेवेत सिद्ध झालेले आहे. वारसनोंदीचे अर्ज, हद्दीचे तंटे, रस्त्याच्या मागण्या, यांतले काहीही त्यांच्या मेजावर कधी ओले असताना निकालात निघाले नाही. पक्षकारांचा आवेश, वकिलांची घाई आणि कित्येकदा मूळ तक्रारही पुरती सुकून गेल्यावरच त्यांनी फायलीचा बंद सोडला. त्या काळी या गुणास तालुक्याने निरनिराळी नावे दिली होती. गच्चीवर मात्र तोच गुण औषध ठरला, आणि मला तर असे वाटते की, त्यांच्या सेवेतील तीन दशके हा या खऱ्या कार्यासाठी केलेला एक प्रदीर्घ सराव होता. सरावाचा खर्च रयतेवर पडला एवढेच.

वहिनी दर गुरुवारी येत.

“काकासाहेब, आता पाणी?”

“विचाराधीन आहे.”

पुढच्या गुरुवारी, “काकासाहेब, आज थोडंसं?”

“वहिनी, हा रात्रीचा श्वास घेणारा प्राणी आहे. दिवसा रंध्रं मिटून बसतो, रात्री उघडतो, म्हणून अंगातलं पाणी त्याला पुरून उरतं. तुम्ही काळजी करू नका आणि पेलाही आणू नका.”

जखमेवर भाकरीच्या पापुद्र्यासारखी कोरडी खपली धरण्यास इतक्या रुंद घावात तीन-चार आठवडे सहज लागतात. ती नखाने वाजवून पाहिल्यावर काकासाहेबांनी रोग्यास जाड वाळू आणि विटांच्या बारीक खड्यांच्या कोरड्या मिश्रणावर नुसते टेकवून ठेवले, आणि तरीही पाणी घातले नाही. मुळे फुटण्यापूर्वी पाणी घालणे म्हणजे घर बांधण्याच्या आधी घरपट्टी भरणे, हे त्यांचे आवडते वचन आहे. मुळे दिसली ती आषाढात.

आषाढाचा उल्लेख आला, तेव्हा काकासाहेबांच्या आणखी एका विशेषाकडे वळले पाहिजे. मृगाच्या पहिल्या सरीची वाट सारा महाराष्ट्र पाहतो. कवी खिडकीशी बसतात, शेतकरी आभाळाकडे डोळे लावतात, गृहिणी कांदाभज्यांचे पीठ भिजवितात. त्या क्षणी पावसाविरुद्ध हरकत नोंदविणारा एकच मनुष्य, धोतराचा काचा मारून, ताडपत्रीचे टोक दातांत धरून, गच्चीवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्याकडे धावत असतो. उन्हाळ्यात तोच मनुष्य नव्या रोग्यास उन्हाची सवय लावीत असतो: पहिल्या आठवड्यात सकाळचे तासभर कोवळे ऊन, दुसऱ्यात दोन तास, आणि दुपार कलली की जाळीची दुसरी घडी. जाळी अपुरी पडली तर कचेरीच्या दिवसांतली काळी छत्री उघडून तो निवडुंगावर धरतो आणि आपण स्वतः बोडक्या डोक्याने उन्हात उभा राहतो. त्याच्या टकलावरही खाकी डाग पडले आहेत. दाबून पाहिले असता ते टणक लागतील, याविषयी मला शंका नाही.

या साम्राज्यात एकच प्रदेश काकासाहेबांच्या हुकमाबाहेर आहे, आणि तो म्हणजे जिन्याच्या वळणावरील काकूंचे ब्रह्मकमळ. जुन्या घागरीत लावलेले ते झाड काकूंनी माहेरून पानाच्या रूपाने आणले. त्यास त्या रोज पाणी घालतात, तांदळाचे धुवण घालतात, चहाचा चोथा घालतात, आणि दर पावसाळ्यात ते रात्री पांढरीशुभ्र, हातभर दरवळणारी फुले देते. त्या रात्री सगळी आळी जिन्यात जमते, काकू उदबत्ती लावतात, कोणी फुलाला हळदकुंकू वाहते, आणि मसाला दूध होते. दुःखाची गोष्ट अशी, की आपल्याकडे घरोघर ज्यास ब्रह्मकमळ म्हणतात ते हिमालयातले फूल नसून अस्सल निवडुंग आहे. मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या ओलसर अरण्यांत झाडांच्या खोडांवर वाढणारा, सावली आणि पाणी दोन्ही मागणारा. काकासाहेबांना हे पक्के ठाऊक आहे. वहीत मात्र त्याची नोंद नाही. एकदा एका चोखंदळ पाहुण्याने तसे विचारले असता, “ते खाजगी खात्यात मोडतं,” एवढेच ते म्हणाले आणि जिना चढू लागले. काकू मागून म्हणाल्या, “ह्यांनी त्याला वाचवलं नाही ना, म्हणून वाचलं ते.”

गणपतीच्या सुमारास वहिनी आपला निवडुंग न्यावयास आल्या. त्यास तेव्हा मूळ धरून महिना-दीड महिना झाला होता, शेंड्याशी पिवळीधमक नवी कुसे आली होती, आणि पश्चिमेच्या बाजूचा खाकी डाग जसाच्या तसा होता. वहिनींनी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. “हा आमचाच का हो?” त्यांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता, कारण कलिंगड दिले होते आणि समोर मोसंबे होते. काकासाहेबांनी वही काढून अनुक्रमांक दाखविला, डागाचा नकाशा दाखविला, तरीही कुंडीवरचा हात काढला नाही. अजून हिवाळा जावयाचा आहे, त्यातली ओल वाईट. नंतर उन्हाळा, त्यात पुन्हा सवय लावावी लागेल. त्यामुळे तूर्त कायम ताबा देता येणार नाही, सबब रोगी देखरेखीखाली राहील, असा त्यांनी तोंडी फैसला दिला. वहिनी हिरमुसल्या, मग हसल्या, आणि जाताना त्यांनी काकूंकडून ब्रह्मकमळाचे एक पान मागून घेतले.

येथे माझे मत स्पष्ट सांगितले पाहिजे. काकासाहेब लोकांचे निवडुंग वाचवितात हे खरे, पण ते परत करीत नाहीत. त्यांच्या गच्चीवरील निम्म्याहून अधिक कुंड्या वस्तुतः जप्तीचा माल आहेत, आणि मूळ धारकांपैकी कोणी आजवर अपील केलेले नाही, याचे कारण त्यांचा हक्क शाबीत होत नाही हे नसून, तो शाबीत करण्यासाठी इतिहास पुन्हा ऐकावा लागतो हे आहे. तथापि एवढी सवलत त्यांना द्यावी असे मला वाटते. ज्या झाडावर हिरवा रंगही धड उरला नाही, ज्यास फूल आलेच तर कित्येक वर्षांनी यायचे, आणि ज्यास कुरवाळू गेल्यास बोटच रक्ताळते, त्याच्यासाठी भर दुपारी छत्री धरून उभे राहणारा दुसरा मनुष्य आमच्या वॉर्डात तरी नाही.

तेव्हा वाचकांस एवढेच सुचवावयाचे आहे. आपल्या सज्जातील निवडुंगावर डाग दिसला तर घाबरून पेला आणू नये. प्रथम तो अंगठ्याने दाबून पाहावा. टणक लागला तर कुंडी सावलीत सरकवावी, पाणी बंद ठेवावे आणि आपल्या उद्योगास लागावे. मऊ लागला, बोट आत गेले, वास आला, तर त्याच दिवशी तो काकासाहेबांकडे पोहोचता करावा. मात्र सायंकाळ मोकळी असेल तरच जावे, आणि कुंडी आवडती असेल तर आधी बदलून मग न्यावी, कारण तीही परत मिळत नाही.